माडबंदरची हवा

शुद्ध हवा हा माणसाचा पहिला हक्क आहे, असं म्हणून सरपंच बाबलींनी बटण दाबलं. हवेतलं प्रदूषण दाखवणाऱ्या नव्या फलकावर ३८७ उमटले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ग्रामसेवकांनी समजावलं, की या परीक्षेत जितके कमी गुण तितकं बरं. टाळ्या थांबल्या. मागे समुद्र होता. त्याच्याकडे सगळ्यांनी संशयाने पाहिलं.

माडबंदर हे मालवणच्या किनाऱ्यावरचं नऊशे वस्तीचं गाव. तोवर तिथे कुणाला खोकला नव्हता. संध्याकाळपर्यंत चाळीस जण खोकू लागले. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर फिरायला बंदी आली. टँकरने रस्त्यावर पाणी मारलं. मोठ्या शहरांसारखी सम-विषम योजनाही लागू झाली. गावातल्या तिन्ही रिक्षा विषम क्रमांकाच्या निघाल्या, त्यामुळे सम तारखांना लोक चालले. फलकाच्या खांबावर एक रिकामी लोखंडी पट्टी होती, तिच्यावर कावळा बसायचा. त्यालाही हाकललं. आकडा ४०२ झाला.

मग कुणीतरी वर बघितलं. गावात डोळ्यांना दिसणारा धूर एकच होता, कायतानच्या बेकरीचा. भट्टी त्याच्या आजोबांनी बांधलेली. लाकडं आणि करवंट्या खायची. वडील वारले त्या दिवशीही ती विझली नव्हती. आणि नाताळ नऊ दिवसांवर आला होता.

सरपंचांनी चहात कायतानचाच पाव बुडवत नोटीस त्याच्या हातात दिली.

"नाताळ होऊंदे बाबली. मगे इझवतंय," कायतान म्हणाला.

"माका तुझ्या पावाचो राग नाय रे. पण आकडो खोटो बोलता काय?"

कायतानने नोटीस घडी करून खिशात घातली.

शनिवारी त्याने विस्तव ओढून काढला. पण अशा भट्टीच्या विटा दोन-तीन दिवस गरम राहतात, आणि नोटिशीत 'तत्काळ' असा शब्द होता. म्हणून टँकरमधलं उरलेलं पाणी आत मारलं. भट्टीला वरपासून खालपर्यंत भेग गेली.

रविवारी सकाळी फलकावर १७८.

गावाने फटाके लावले. त्यागाबद्दल कायतानला शाल आणि नारळ मिळाला. शाल पांघरून तो भेगेसमोर बसून राहिला. बायकोला म्हणाला, "म्हणजे इतकी वर्सां मीच गावाक इख चारत होतंय गो, मारियान." यंदा पाव मालवणहून आणावा लागणार होता, त्याची यादी ती करत होती.

सोमवारी फलकाच्या कंपनीचा माणूस मोटारसायकलला खोका बांधून आला. खोक्यातलं यंत्र त्याने शिडीवर चढून त्या रिकाम्या पट्टीवर बसवलं. हवा हे मोजतं, म्हणाला. ते यायला उशीर झाला, म्हणून इतके दिवस फलक नुसता चाचणीपुरता कंपनीच्या दिल्लीतल्या यंत्राला जोडून ठेवला होता. त्याने वायर बदलली. फलकावर २१ आले.

खाली शिडी धरून कायतान उभा होता.

"मगे आयतारी आकडो कसो उतरलो?"

माणसाने स्क्रू आवळला.

"शनिवारी दिल्लीत पाऊस पडला."