दहाचा रकाना

नाडी मोजता मोजताच जीव मेटाकुटीला येतो, श्वास कोण मोजत बसतं? बारा खाटा, एक तास आणि डोक्यावर ट्यूटर बाई. वॉर्डातल्या सगळ्या शिकाऊ नर्स श्वासांच्या रकान्यात डोळे झाकून अठरा लिहायच्या. त्यांच्यातली सगळ्यात लहान, जिला सगळे धाकटी म्हणायचे, तीही लिहायची.

काल तिचं मन तिला खाऊ लागलं. तिने सात नंबरच्या आजोबांचे श्वास घड्याळ लावून मोजले. बरोबर अठरा भरले. गंमत म्हणून तिने तक्त्यातला अठरा खोडून बावीस केला. पुढच्या मिनिटात आजोबांची छाती बावीस वेळा हलली.

आज ती नोंदी भरत असतानाच बाईंनी आजोबांचा तक्ता ओढून घेतला.

"दहा वाजून गेले. श्वासांचा रकाना रिकामा कसा?"

"बाई, एकच आकडा राहिलाय. आत्ता भरते."

"वेळ टळली की भरायचं नाही, किती वेळा सांगायचं?"

बाईंनी रकान्यावर लाल रेघ मारली आणि तक्ता काखेत मारून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

धाकटीने वळून पाहिलं. आजोबांची छाती हलत नव्हती. तोंड अर्धवट उघडं ठेवून ते तिच्या हातातल्या पेनाकडे बघत होते, वाट पाहत.