पालथा स्पीकर

स्पीकरवाल्याने बटण शेवटपर्यंत फिरवलं, तेव्हा काठावरचे सगळे बगळे एकदम उडाले. होडीत बसलेले बाबा केळं सोलत राहिले.

"अजून वाढवता येईल का?" मुलीने विचारलं.

"याच्यापुढे गेलो तर होडीचे सांधे सुटतील, ताई," स्पीकरवाला म्हणाला आणि त्याने कळ दाबून आवाज बंद केला.

तळं पुन्हा गप्प झालं. सकाळचं धुकं अजून पाण्यावरून उठलं नव्हतं. काठ कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं, ते नीट कळत नव्हतं. दोन दोरांना बांधलेली होडी झोपेत कूस बदलावी तशी मधूनच हलायची.

जुने स्पीकर काढून एका कोपऱ्यात ठेवले होते. त्यांचे कागदी पडदे ओल धरून भिजलेल्या वहीसारखे लोंबत होते. त्यांच्या जागी पाण्याला दाद न देणारे चार नवे बसवून झाले होते. पाचवा तेवढा राहिला होता. तो परातीएवढा, नुसता ढोलाचा घुमारा काढणारा.

बाबा शाळेच्या बँडचे मास्तर होते. तीन वर्षांपूर्वी त्यांचे कान गेले, ते पार गेले. त्याआधी प्रत्येक सुट्टीला ते तळ्याच्या मध्यावर इंजिन बंद करायचे आणि गाणी लावून आडवे व्हायचे. आता मुलीच्या शब्दाखातर यायचे आणि पाण्याकडे पाठ करून बसायचे. कालच त्यांनी सांगून टाकलं होतं, "हा शेवटचा खटाटोप. उद्याही काही झालं नाही, तर होडी विकून टाक आणि मला घरी बसू दे."

मुलीने पाटीवर लिहिलं, 'काही ऐकू आलं?'

बाबांनी पाटी लांब धरून वाचली. "अक्षर सुधारलंय तुझं," ते म्हणाले. स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे ते नेहमी मागच्या बाकापर्यंत पोचेल असंच बोलायचे. मग म्हणाले, "बगळे उडालेले पाहिले."

तिने पाटी पुसली. बराच वेळ पुसत राहिली.

"मोठा बसवायचाच का मग?" स्पीकरवाल्याने हळूच विचारलं.

"आणलाय ना, बसवून टाका."

त्याने मोठा स्पीकर उचलला आणि होडीच्या तळफळ्यांवर पालथा ठेवला. स्पीकर कधी उताणा ठेवायचा नाही, पडद्यावर पाना पडला की खेळ खलास, ही त्याच्या वस्तादाची शिकवण होती. वायरी जोडल्या, त्यात जीव आहे का ते पाहायला वरचे चारही बंद केले आणि कळ दाबली. मघाशी शेवटपर्यंत फिरवलेलं बटण मागे घ्यायचं मात्र तो साफ विसरला.

कानावर फारसं काही आलं नाही. लांब कुठल्यातरी घरात कुणी गादी झटकावी, तसं काहीतरी.

"मेला वाटतं," तो पुटपुटला आणि वाकून वायरी चाचपू लागला.

होडीत चपला घालायच्या नाहीत, हा बाबांचा जुना नियम. त्यांचे अनवाणी पाय फळ्यांवर होते. उजवा अंगठा उचलला गेला. मुलीला वाटलं, मुंगी चावली. अंगठा खाली टेकला. पुन्हा उचलला, पुन्हा टेकला. केळ्याचा घास तोंडापाशीच राहिला.

स्पीकरवाल्याचा हात कळीकडे गेला, तसं तिने त्याचं मनगट धरलं.

"थांबा."

"अहो ताई, पालथा आहे तो. बसवायचा राहिलाय अजून."

"राहू दे."

बाबा बाकावरून उतरले. गुडघ्यांची कुरकुर सांभाळत फळ्यांवर बसले आणि मग आडवे झाले, दोन्ही तळवे लाकडावर पसरून. होडीचं पोकळ पोट त्यांच्या खाली घुमत होतं. बाहेर पाण्यावर होडीभोवती बारीक चुण्या उठत होत्या. एका ठोक्याला एक. त्या धुक्यात शिरायच्या आणि दिसेनाशा व्हायच्या.

"कोण वाजवतंय?" बाबांनी विचारलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच ते इतक्या हळू बोलले.

मुलीने पाटी उचलली. मग पाटी कोरीच खाली ठेवून ती त्यांच्याशेजारी आडवी झाली. तिला काहीच जाणवेना. धुक्यातून कावळा ओरडला, दोर करकरला, स्पीकरवाला खाकरला. तिने दोन्ही कानांत बोटं घातली.

आधी नुसता अंधार झाल्यासारखं वाटलं. मग टाचांतून काहीतरी वर आलं, पोटऱ्यांतून पाठीत चढलं आणि बरगड्यांपाशी येऊन चालू लागलं. कुणीतरी दुरून, तिच्याच दिशेने, दमदार पावलं टाकत येत असावं तसं. तिची टाच आपोआप फळीवर पडू लागली.

बाबांनी डोळे मिटलेले होते. फळीवर ताल धरलेली त्यांची बोटं एकदम थांबली. तिची टाच त्यांना फळीतूनच कळली असावी, कारण वर्गात एखादा ताल चुकला की पडायची, तीच आठी त्यांच्या कपाळावर पडली. त्यांचे ओठ हलले.

तिने कानांतली बोटं काढली नाहीत. त्यांच्या ओठांवरूनच वाचलं.

'मागे पडतेस.'