मागच्या चाकावरची सीट

“मास्तर, पुढं बसा की. ह्या चाकावर हाडं खिळखिळी व्हतील,” कंडक्टर फकिरा म्हणाला.

“इथंच बरंय,” म्हणत आप्पासाहेब पैठणच्या गाडीत मागच्या चाकावरच्या सीटवर ऐसपैस बसले. त्या सीटवर राजीखुशीनं बसणारा दुसरा माणूस अख्ख्या डेपोत सापडला नसता. मास्तरांनी पिशवीतून पॅड काढलं, पेन्सिलीचं टोक बोटानं चाचपलं आणि गाडी सुटायची वाट पाहत बसले. गाडी उभी असताना चित्र काढायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

नियमामागं कारण होतं. आप्पासाहेबांनी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली होती. पट्टी न लावता फळ्यावर सरळ रेघ ओढावी ती त्यांनीच, असं हेडमास्तरसुद्धा म्हणायचे. त्यांच्या हातातली पट्टी फक्त वाकडी रेघ काढणाऱ्याच्या तळव्यावर पडायची. आणि गेल्या दिवाळीपासून त्यांचा स्वतःचाच उजवा हात थरथरायला लागला. चहा बशीत सांडू लागला. सुनेला, प्रेरणाला, त्यांनी सांगून टाकलं, “डोळ्यांना नीट दिसत नाही गं, चित्रं बंद.” खोटं बोलणं सोपं गेलं. चित्रांवाचून दिवस काढणं जड गेलं.

मग एकदा पैठणला जाताना त्यांना युक्ती सुचली. एसटीत कुणाचीही रेघ हलणारच! त्यात हात कुठला आणि खड्डा कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. पंचाहत्तरी उलटलेली, त्यामुळं तिकीट फुकट. घरी सांगायचं, नाथांच्या दर्शनाला जातो. प्रेरणा डबा बांधून द्यायची आणि सासऱ्यांना देव आठवायला लागला म्हणून शेजारणींना कौतुकानं सांगायची. मास्तर कधी शेताचं, कधी झोपलेल्या प्रवाशाचं चित्र काढत पैठणला जायचे, दर्शन उरकायचे आणि तसेच परतायचे. रेघ हलली की स्वतःला समजावायचे, रस्ताच असा आहे. हात अजून शाबूत आहे आपला.

आज पलीकडच्या बाजूला, दोन सीट पुढं, सारजाबाई नावाची एक म्हातारी आडवी बसली होती. पाय मधल्या वाटेत, मांडीवर पेरूंची पाटी, कपाळावर हिरवं गोंदण. गाडीच्या हिसक्यांनी तिची मान सारखी हलत होती. पण चेहरा असा की मास्तरांची पेन्सिल आपोआप कागदावर गेली. आधी कपाळ आलं, मग नाक. चितेगाव गेलं, बिडकीन गेलं. मास्तरांना कशाचंच भान उरलं नाही.

“घ्या मास्तर, चहा.” फकिरा ग्लास घेऊन समोर उभा होता.

“चालत्या गाडीत चहा कुठला रे?”

“चालत्या? कवाची उभी हाय गाडी! पुढं रस्ता खोदलाय. डायवरबी इंजिन बंद करून चहाच पितोय.”

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. लोक खाली उतरून उसाच्या फडाशी गप्पा छाटत होते. मग त्यांनी कागदाकडं पाहिलं. कपाळ चालत्या गाडीतलं होतं, हनुवटी आणि पदर उभ्या गाडीतले. रेघ मात्र सगळीकडं सारखीच थरथरत होती. म्हणजे बिचाऱ्या रस्त्याचा काहीच दोष नव्हता. त्यांनी कागद ओढून काढला आणि फाडायला घेतला.

“अवं, थांबा! माझंच हाय ना ते? बघू द्या तरी.” सारजाबाई पाटी सीटवर ठेवून उठून आली आणि तिनं कागद जवळजवळ हिसकावूनच घेतला.

“फाडू द्या. बिघडलंय,” मास्तर म्हणाले. आणि इतक्या दिवसांत कुणालाच न सांगितलेलं त्यांच्या तोंडून निघून गेलं. “हात थरथरतो माझा.”

“मंग? माझी मान हलती.”

मास्तरांनी वर पाहिलं. गाडी जागच्या जागी उभी होती. सारजाबाईची मान हलतच होती, बारीक, सारखी, नाही-नाही म्हणावं तशी.

“सून इचारती, जेवता का? मी व्हय म्हणते, मान नाय म्हणती,” ती म्हणाली आणि स्वतःच खुदकन हसली. तिनं चित्र डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. “नातू मोबाइलात फोटू काढतो. आज्जी, मान धर. आज्जी, हलू नको. मी आपली दम कोंडून बसते. अन् फोटूत कुणी परकीच बाई येती. ही मातर मीच हाय, मास्तर. हिची मान हलती की!”

मास्तर बघतच राहिले. खरंच हलत होती. हनुवटी, पदराची कड, कानातली फुलं, सगळं तिच्यासारखंच बारीक हलत होतं. छातीवरचं ओझं उतरलं आणि त्यांना इतकं हलकं वाटलं की डोळेच भरून आले. फकिराच्या हातचा चहा त्यांनी आता घेतला आणि निम्मा शर्टावर सांडला. तो पुसायची घाई त्यांनी आज केली नाही.

“नेऊ का मी हे?” सारजाबाईनं विचारलं.

“न्या की. तुमचंच आहे.”

तिनं त्यांच्या पिशवीत दोन पेरू टाकले आणि चित्राला घडी पडू नये म्हणून ते पैठणपर्यंत हातातच धरून ठेवलं.

पैठणला दर्शन घेऊन मास्तर स्टँडवर आले, तर तीच गाडी परतीला लागलेली. आज दर्शनालाही त्यांनी जरा वेळ दिला होता.

“मास्तर, तुमची चाकावरची सीट धरून ठेवलीय,” फकिरा दारातून ओरडला.

“तू जा. मी पुढच्या गाडीनं येतो,” म्हणत आप्पासाहेब स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर बसले. समोर एक फुलवाली हार ओवत होती. त्यांनी पॅड मांडीवर घेतलं. बाक तसूभरही हलत नव्हता. त्यांनी पहिली रेघ ओढली.