होम प्लेटवरचा तो निर्णय

शेवटच्या सामन्यातली शेवटची खेळाडू आउट झाली आणि सहादेव सरांनी तोंडावरची जाळी काढली. भिंगारच्या मैदानावर ऊन कललं होतं. मुली सावकाश हलत होत्या. त्यांचे आवाज पाण्याखालून यावेत तसे येत होते. सव्वीस वर्षं केलेली बेसबॉलची पंचगिरी अशी, बसल्या बसल्या डोळा लागावा तशी संपली.

त्यांना सत्काराच्या खुर्चीवर बसवलं. गळ्यात हार पडला. भाषणं सुरू झाली, पण सरांना त्यांचं नेहमीचं स्वप्न उघड्या डोळ्यांनी दिसायला लागलं. अठरा वर्षांपूर्वीचा राज्य स्पर्धेचा अंतिम सामना. कर्जतची विजयमाला कॅचर, होम प्लेट राखणारी. समोरच्या संघाची मुलगी तिसऱ्या बेसवरून सुसाट येते, होम प्लेटवर घसरते. पाय प्लेटला लागायच्या आत तिला बाद करायला विजयमालाचा चेंडू धरलेला हात तिच्या पायाकडे झेपावतो. धुळीचा लोट उठतो. पुढचं स्वप्नात कधीच येत नसे. दिसत ते फक्त स्वतःचे आडवे पसरलेले दोन हात. सेफ. म्हणजे मुलगी बाद नाही, धाव पूर्ण.

त्या एका धावेनं कर्जत हरलं. चेंडू मी तिच्या पायाला लावला होता, असं विजयमाला रडत रडत सगळ्यांना सांगत राहिली. तक्रार झाली. राष्ट्रीय पंचांच्या यादीत सरांचं नाव येणार होतं, ते राहून गेलं. मग शाळाशाळांचे सामने, एवढीच कारकीर्द उरली. 'आंधळा पंच' हे नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. सरांनी कधी कुणाशी वाद घातला नाही. लोकांना तो त्यांचा मोठेपणा वाटे.

आता तीच विजयमाला माईकपाशी उभी होती. कर्जतच्या शाळेत ती क्रीडाशिक्षिका होती आणि तिच्या संघातल्या मुली समोर मातीत मांडी घालून बसल्या होत्या. दोन वाक्यं ती पुस्तकी बोलली. मग अडखळली आणि तिची घरची बोली सुटली.

"सर, त्या दिवशी माजा हात पोचलाच न्हाई. चेंडू तिला लागलाच न्हवता. तुमी बरोबर हुता. खोटं मी बोलले."

 बेसबॉल संघटनेचे अध्यक्ष उठले, त्यांच्यामागे सगळेच उठले. टाळ्या थांबेनात. सरांची बायको राजेश्वरी पदरानं डोळे टिपत होती. विजयमाला सरांच्या पाया पडली आणि तशीच वाकून राहिली. तिच्या मुली तिच्याकडे टक लावून बघत होत्या. त्यांच्यातल्या एकीनंही टाळी वाजवली नव्हती.

कुणीतरी सरांच्या हातात माईक दिला. नुसते आभार मानले असते तरी चाललं असतं. अठरा वर्षांनी लोक त्यांच्यासाठी उभे होते. सरांनी विजयमालाला हाताला धरून उठवलं आणि आपल्या खुर्चीवर बसवलं. टाळ्या विरेपर्यंत ते थांबले. मग त्या मातीत बसलेल्या मुलींकडे बघून म्हणाले,

"पोरींनो, तुमच्या बाईंनी खरं सांगितलं, आता माझंही ऐका. त्या दिवशी मला काहीच दिसलं नव्हतं. मी अंदाजानं हात पसरले होते."