चौथा टॉवेल

समुद्रावरच्या सुट्टीत पोहणं, शिंपले वेचणं, वाळूचे किल्ले बांधणं ही कामं इतरांची. ओली डोकी पुसणं आजींचं. चाळीस वर्षांत ते त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं. मुलाच्या डोक्यावरचे दोन भोवरे, नातवाच्या कानामागची खोक, सगळं त्यांच्या बोटांना पाठ होतं.

"आई, टिंगी काठाशीच खेळेल. तिच्यावर लक्ष ठेवा हं," असं बजावून सून पाण्यात गेली. आजी मांडीवर चार टॉवेल घेऊन बसल्या.

आधी मुलगा आला. "हळू गं आई, टक्कल पडेल!"

"पडायचं राहिलंय कुठे?"

मग नातू, मग सून. तिघं रमतगमत शिंपले वेचायला गेली. शेवटी चौथं, छोटं डोकं येऊन पाठमोरं बसलं. आजींनी त्याच्यावर टॉवेल टाकला आणि खसाखसा पुसायला घेतलं.

पाणी संपेना. टॉवेल पिळून त्यांनी पुन्हा पुसलं, तरी केस निथळतच राहिले.

"आज तोंडाचा पट्टा बंद कसा गं?"

डोकं टिंगीएवढंच होतं, पण बोटांना ओळखीचं काही लागेना.

तेवढ्यात पाण्याकडून हाक आली. "आजी, मी राहिले! माझा टॉवेल?" टिंगी लाटांतून धावत येत होती.

'तिथेच थांब,' म्हणायला आजींनी तोंड उघडलं आणि हात मागे घेतले.

टॉवेलाखालून दोन गार, इवले हात वर आले. त्यांनी आजींचे हात धरून पुन्हा डोक्यावर ठेवले.