चढण

डॉक्टरीणबाईंनी आधी तान्हीच्या पोटावरचा वाळलेला हिंगाचा लेप पुसला. बेंबीखालची गाठ वायूचीच, असं म्हणत वृंदाच्या सासूबाई तो रोज लावत होत्या.

सोनोग्राफीत डावं मूत्रपिंड जागेवर दिसेना. वृंदा उठून तान्हीजवळ आली. यंत्र खाली गाठीवर आलं आणि डॉक्टरीणबाई हसल्या. "ही बघा तुमची गाठ! मूत्रपिंड आहे, अगदी धडधाकट."

"अगं बाई! एवढं खाली घसरलं?" वृंदानं विचारलं.

"घसरलं नाही, चढलंच नाही. आईच्या पोटात, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, सगळ्यांचीच मूत्रपिंडं ओटीपोटातून वर चढतात. हिचं उजवं चढलं, डावं तिथंच राहिलं."

वृंदा पडद्याकडे बघतच राहिली. त्या महिन्यांत ती, मळमळतंय ते पित्तानंच, असं समजून आलेपाक चघळत होती. आणि आत कुणीतरी डोंगर चढत होतं.