दहापैकी दुखणं

“शून्य ते दहामध्ये दुखणं किती, आजी?” डॉक्टरांनी विचारलं.

“दोन,” पंगतीत पोळ्या सांगाव्यात तशी आई म्हणाली आणि सुजलेली बोटं तिने पदराखाली घेतली.

मी कपाळाला हात लावला. संधिवातासाठी सहा महिने आई हे नवं बायोलॉजिक इंजेक्शन घेतेय. घरी तिला दुधाची पिशवी कापता येत नाही, ब्लाऊजची हुकं मी लावते. तक्रारी ऐकायला मी, कौतुक ऐकायला डॉक्टर! आज औषध बदलायचं की नाही, हे ठरणार होतं.

“छान! इंजेक्शन लागू पडतंय. हेच चालू ठेवू.” डॉक्टर लिहू लागले.

“आई, खरं सांग ना!” मी ओरडलेच.

“काय सांगू? एवढ्या मायेने विचारतात. त्यांच्या औषधाला नावं कशी ठेवायची?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “आजी, औषध मी नाही बनवलं. खुशाल नावं ठेवा.”

आईने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. आणि सुरुवात केली ती सकाळी अंगावरचं पांघरूण सरकवता येत नाही, इथपासून. वीस मिनिटांनी कंपाउंडर डोकावला, तेव्हा ती जेमतेम आंघोळीपर्यंत पोचली होती.